रिकामे कंस

मित्रांनो, मी एक जुना क्लास आहे. शिकवणीचा नव्हे, प्लायवूडच्या कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला, म्हणजे एक साचा. माझं नाव 'यंत्र'. माझ्यासारख्यांना ॲबस्ट्रॅक्ट क्लास म्हणतात. म्हणजे मी स्वतः कुठलंच यंत्र नाही. करवत, पट्टा, फळ्या दाबणारी प्रेस ही माझी लेकरं. मी त्यांना एकच ताकीद देतो: कसं थांबायचं, ते ज्यानं त्यानं स्वतः लिहायचं.

मला ज्यांनी लिहिलं त्यांना सगळे ताई म्हणत. 'थांबव' या कामापुढची जागा त्यांनी मुद्दाम कोरी ठेवली. करवत थांबते तशी प्रेस थांबत नाही, असं त्या म्हणायच्या. एखाद्या लेकरानं आपलं थांबणं लिहिलं नाही, तर प्रोग्रॅम तपासणारा कंपाइलर लाल अक्षरांत अडवायचा. तेव्हा सगळे मला नावाजत.

मग ताई दुसरीकडे गेल्या. नवी प्रेस आली आणि तिच्यासोबत घाईही. नव्या साहेबांच्या डोळ्यांत ती लाल अक्षरं खुपू लागली. प्रेसचं थांबणं लिहायचं सोडून त्यांनी माझाच 'ॲबस्ट्रॅक्ट' शब्द खोडला आणि 'थांबव'पुढे दोन कंस टाकले. कंसांत काहीच नाही, म्हणजे 'थांब' म्हटलं तरी काहीच करायचं नाही. लाल अक्षरं गेली. साहेब जेवायला गेले.

मी कोरा होतो तोवर प्रश्न होतो. त्यांनी माझं खोटं उत्तर केलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

एके सकाळी फळी तिरकी सरकली. प्रेसवरच्या काकांनी थांबवायचं बटण दाबलं. हाक प्रेसकडे गेली; तिच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून माझ्याकडे आली. माझे कंस रिकामे. प्रेस खाली आलीच. काकांच्या उजव्या हाताची बोटं गेली.

चौकशीत साहेबांनी सांगितलं, की कंपाइलरची काहीच तक्रार नव्हती, तेव्हा काकांनीच बटण दाबलं नसणार. काका पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसले होते.

"बटण मी दाबलं होतं," एवढंच ते म्हणाले. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे आहे?

शेवटी काकूंनी ताईंना फोन केला. ताई आल्या, त्यांनी मला उघडलं आणि 'थांबव'पुढचे रिकामे कंस पाहिले. मग साहेबांच्या देखत त्यांनी कंस पुसले आणि माझा शब्द मला परत दिला. पडदा लाल झाला.

"अहो, सगळं बंद पाडलंत," साहेब म्हणाले.

"तेव्हाच पडायला हवं होतं," ताई म्हणाल्या.

प्रेसचं थांबणं लिहिलेलंच नव्हतं हे उघड झालं आणि काकांवरचा ठपका गेला. बोटं काही परत आली नाहीत. माझा राग अजून निवलेला नाही, आणि निवूही नये. मित्रांनो, उद्या तुम्हीही प्रोग्रॅम लिहाल. उत्तर येत नसेल तर जागा कोरी ठेवा, विचारा, भांडा, उशीर करा. पण जो अडवतो त्याचं तोंड दाबू नका. पलीकडे कुणाचा तरी हात असतो.