पांढऱ्यावर पांढरी अक्षरं

मेहुण्याला या कंपनीत मीच चिकटवला. मुलांसाठी कॉम्प्युटरवरचे धडे बनवतो आम्ही. चित्रं तो काढतो, त्या चित्रांना हलवणारी स्क्रिप्ट मी लिहितो. पण कौतुक कुणाचं? त्याचं! "काय खेकडा काढलाय!" अहो, क्लिक केल्यावर तो खेकडा नांगी उचलतो ती कुणामुळे? घरीही तेच. भावाचं कौतुक निघालं की बायकोच्या अंगावर मूठभर मांस चढतं आणि माझा नुसता जळफळाट होतो.

आज एका शाळेच्या मुख्याध्यापिका धडा बघायला येणार, आणि नेमका खेकडा ढिम्म. कितीही क्लिक करा, जागचा हलेना. कालपर्यंत नीट चालत होता.

"चित्रं जड करून ठेवलीत यानं," मी तडक मालकांना सांगितलं. "आता एक तर तो राहील, नाहीतर मी."

"चूक त्याची निघाली तर आजच त्याला घरी पाठवतो," मालक म्हणाले. "शोधून सांगा."

मग काय, हुरूपच आला मला! क्लिक पोचला की घंटी वाजेल अशी ओळ स्क्रिप्टमध्ये घातली. घंटी वाजलीच नाही. म्हणजे क्लिक खेकड्यापर्यंत पोचतच नव्हता, वरच्यावर कुणीतरी गिळत होतं. तेव्हा कुठे लक्ष गेलं: खेकड्यावर नेलं की माऊसच्या बाणाची उभी रेघ होत होती, टाईप करायच्या जागी होते तशी. सकाळपासून डोळ्यांसमोर होती, पण मी चित्रांवर डूख धरून बसलेलो.

एकेक थर बाजूला केला. सगळ्यात वर, धड्याच्या प्रत्येक पानावर, अख्ख्या पडद्याएवढा, मजकुराचा पारदर्शक चौकोन. त्याच्या सेटिंगमधली 'इथे लिहिता येईल' ही बरोबरची खूण काढायची राहिलेली, म्हणून प्रत्येक क्लिक त्याच्याच पोटात. चौकोन मेहुण्याचाच. सापडला बेटा!

आत काय लिहिलंय बघायला मी शेवटच्या पानावर गेलो. ते पान तेवढं काळं. पांढऱ्या पानांवर न दिसणारी पांढरी अक्षरं तिथे उजळली, त्यानं स्वतः घडवलेल्या फॉन्टमधली: 'ही सगळी जादू आमच्या दाजींची.' खाली माझं पूर्ण नाव.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुकाट्यानं ती खूण काढली. खेकड्यानं नांगी उचलली.

"सापडली?" मालक दारात उभे. मागे मेहुणा, चेहरा पार उतरलेला. "कुणाची चूक?"

"माझी," मी म्हणालो. "आम्ही दोघंही राहतोय."

दुपारी मुख्याध्यापिकांसमोर धडा मस्त चालला. शेवटचं काळं पान आलं, माझं नाव झळकलं. मेहुण्यानं हळूच कोपरानं ढोसलं. माझी छाती फुगली. चला, एकदाचं माझंही कौतुक होणार!

बाई पुढे वाकल्या, चष्मा सावरला.

"वा! अक्षर कुणाचं हो हे?"