अमावास्येचं प्रस्थान

आभानं धुळ्याला जाऊन यायचा बेत इतका बारीक आखला होता, की तिच्या वडिलांनी तिच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा तेवढ्या बारकाईनं काढला नसेल. त्या लग्नाचं पुढे काय झालं हे आडगाव नाक्यापासून रामकुंडापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, ते उगाळत बसण्यात अर्थ नाही. नवरा ललित धुळ्याला त्याच्या आईवडिलांकडे, आभा नाशिकला तिच्या आईवडिलांकडे, आणि सहा वर्षांचा गौरांग, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत, बापाकडे. आईच्या वाट्याला महिन्यातला एक रविवार. तोही अकरा ते एक, धुळ्यातल्या एका समुपदेशन केंद्राच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. पोटच्या पोराला भेटायला वेळ ठरवून द्यायची म्हणजे काय! असो.

मागच्या महिन्यात ती एसटीनं निघाली आणि चांदवडपुढच्या घाटात एक ट्रेलर आडवा झाला. ती पोचली तेव्हा केंद्राला कुलूप होतं. ललितच्या वकिलानं लगेच लिहून दिलं की आईला मुलाची ओढ नाही. न्यायाधीश म्हणाले, पुन्हा असं झालं तर या भेटी चालू ठेवायच्या की नाही याचा विचार करावा लागेल. बोलायला एक वाक्य, पण तेव्हापासून आभाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

एसटीवर आता विसंबायचं नाही, असं तिनं ठरवलं. महिन्याभरात ती गाडी चालवायला शिकली. सातपूरच्या एका कामगाराची जुनी पांढरी गाडी घेतली. तिची एकच किल्ली होती, दुसरी त्यानं केव्हाच हरवलेली. "बनवून घ्या सवडीनं," तो म्हणाला होता. सवड कुठली मिळायला!

शनिवारी संध्याकाळी ती आईला पुन्हा सांगत बसली. "सहाला निघायचं. पिंपळगावपर्यंत सावकाश, तिथे टेम्पो कसेही आडवे येतात. मग चांदवड, घाट, मालेगावात शिरायचंच नाही, बाहेरूनच जायचं. दहापर्यंत धुळं. एकला भेट संपली की परत, दिवेलागणीला घरी."

"पाचव्यांदा सांगतेयस," इंदिराबाई म्हणाल्या. "आता मलाही गाडी नेता येईल."

गौरांगलाही फोनवर सगळं सांगून झालं होतं. आई स्वतः गाडी चालवत येणार म्हटल्यावर त्यानं एकच विचारलं, "हॉर्न कसा वाजतो?" मग आभानं गाडीत बसून, फोन पुढे धरून, भर गल्लीत तीनचार वेळा हॉर्न वाजवला. शेजारचे खिडकीतून डोकावले. डोकावेनात का! नारळाच्या वड्यांचा डबा, नवा स्वेटर, रंगपेट्या, सगळं तिनं संध्याकाळीच गाडीत भरून ठेवलं आणि गाडी कुलूपबंद केली.

"उद्या अमावास्या आहे," जेवताना आभाचे वडील गंगाधरपंत हळूच म्हणाले.

"अण्णा, कोर्ट पंचांग बघून तारीख देत नाही!"

ती इतकी फटकन बोलली की पंतांनी मान खाली घालून भात कालवला. हयातभर रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगितलेला माणूस. त्यांच्या तोंडून दिवस विचारून घेतल्याशिवाय लोक गावाला निघत नसत, आणि घरात मात्र त्यांचं ऐकायला कुणी तयार नव्हतं. बरं, मुलीचं तरी काय चुकलं? त्यांनीच काढलेल्या उत्तम मुहूर्तावर ती बोहल्यावर चढली होती.

पंत गप्प बसले की काहीतरी शिजतंय हे इंदिराबाईंना एरवी कळतं. त्या दिवशी त्यांचं लक्ष वड्यांत होतं.

सकाळी आभा तयार होऊन खुंटीपाशी आली, तर खुंटीवर किल्ली नाही. पर्समध्ये नाही, फ्रिजवर नाही. इंदिराबाईंनी गाद्या उलथ्यापालथ्या केल्या. तेवढ्यात पंत पूजा आटोपून धोतर सावरत बाहेर आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "शोधू नका. किल्ली सुखरूप आहे. प्रस्थान ठेवलंय."

"काय ठेवलंय?"

"निघायचा दिवस वाईट असला की आदल्या चांगल्या वेळेला प्रवाशाची एखादी वस्तू वाटेवरच्या घरी नेऊन ठेवतात. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला. काल रात्री तू निजायला गेलीस तेव्हा गल्लीच्या टोकाच्या लताबाईंकडे ठेवून आलो. त्यांचं घर धुळ्याच्या बाजूला पडतं ना. तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि किल्ली. तू नि गाडी, दोघींचं एकदमच झालं. जाताना गाठोडं उचलायचं आणि मागे न बघता निघायचं. ज्याचं प्रस्थान पडलं, त्याला जावंच लागतं."

आभानं वाद घातला नाही. चपला पायात सरकवून ती गल्लीच्या टोकापर्यंत धावत गेली. लताबाईंच्या दाराला भलंमोठं कुलूप होतं.

पंतांनी फोन लावला. पलीकडून लताबाईंचा आवाज खणखणीत आला, जरा अभिमानानंच. "अहो काका, काही काळजी नका करू! भावाच्या सुनेचे दिवस भरले होते, भाचा पहाटेच न्यायला आला. म्हटलं, लोकांचं प्रस्थान बंद घरात कोंडून कसं जायचं? आणि मागं तर फिरवायचं नसतं, तुम्हीच सांगता. म्हणून गाठोडं सोबतच घेतलं. आत्ताच सटाण्यात पोचले. तुमचं प्रस्थान लय पुढं गेलंय बघा!"

त्या बाईला काय बोलणार? तिनं सगळं शास्त्रानुसार केलं होतं. पंतांनीही शास्त्रानुसारच केलं होतं. दोघांनी मिळून एका आईची गाडी दारात खिळून टाकली होती.

"अण्णा," आभा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "तुम्ही माझं पोर घालवलंत."

पंतांचा चेहरा पांढराफटक पडला.

मग धावपळ सुरू झाली. किल्लीवाला फोन उचलेना. रविवारी त्या वेळेला कोण उचलतो? फोनवरून मागवलेल्या गाडीचा ड्रायव्हर धुळं ऐकून "दूर पडतं मॅडम" म्हणाला आणि त्यानं फेरी रद्द केली. दुसरा येतो येतो म्हणत आलाच नाही. शेजाऱ्यांची गाडी गॅरेजला. सटाण्याहून किल्ली नाशिकला येईपर्यंत भेटीची वेळ टळली असती. इंदिराबाई देवासमोर जाऊन बसल्या. आभानं पर्स उचलली, त्यात कोर्टाच्या आदेशाची प्रत तेवढी होती, आणि ती महामार्गाकडे निघाली. गाडीच्या काचेतून वड्यांचा डबा दिसत होता. तिनं तिकडे बघितलं नाही.

आडगाव नाक्यावर धुळ्याकडच्या दोन एसट्या भरून गेल्या, थांबल्यासुद्धा नाहीत. रविवार, त्यात अमावास्या, कांद्याच्या गाड्याही तुरळक. आभा हात करून करून थकली. तेवढ्यात मागून पंत आले. अंगावर नुसतं उपरणं, पाय अनवाणी. ते सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"अण्णा! मराल!"

एक टेम्पो करकचून ब्रेक लावत त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून जी आयमाय काढली ती इथे सांगण्यासारखी नाही. पंतांनी ती ऐकून घेतली आणि त्याच्यापुढे हात जोडले. ज्यांच्या पायावर गावोगावचे लोक डोकं ठेवत, ते पंत भर रस्त्यात टेम्पोवाल्याला म्हणाले, "बाबा रे, हिचं पोर धुळ्यात वाट बघतंय. माझ्या चुकीनं उशीर झालाय. हिला ने. तुझ्या पाया पडतो."

ड्रायव्हरचं नाव वाळू. पेठकडचा डोंगरातला माणूस, रिकामे क्रेट घेऊन मालेगावला चाललेला. त्यानं चटकन दार उघडलं. "पाया नका पडू, बाबा. पाप लागंल मला. मालेगावपर्यंत सोडतो ताईला, म्होरं बस मिळंल."

टेम्पो सुटला. आरशात पंत कितीतरी वेळ तसेच उभे दिसत होते.

वाटेत इंदिराबाईंचा फोन आला: लताबाईंचा भाऊ गाठोडं घेऊन मोटारसायकलवर निघालाय, सटाण्याचा रस्ता जिथे महामार्गाला मिळतो त्या सोग्रस फाट्यावर उभा राहील. आता काय करायचंय ते गाठोडं, आभाला वाटलं. पण वाळूनं फाट्यावर टेम्पो थांबवला आणि एका फेटेवाल्यानं लाल फडक्याचं गाठोडं खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवलं.

"अक्कानी सांगेल शे, वाटमा सोडू नका," तो म्हणाला, आणि मग राहवलं नाही म्हणून पुढे म्हणाला, "पोरगी व्हयनी, ताई!"

त्याच्या तोंडावरचा आनंद बघून आभाला रडूच कोसळलं. टेम्पो निघाल्यावर तिनं गाठोडं मुठीत आवळलं. आतली किल्ली तळव्याला टोचली. इथे किल्ली, तिथे गाडी, आणि पोर कुठल्या कुठे! तिनं खिडकीबाहेर फेकायला हात उगारला.

"फेकू नका, ताई," वाळू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "कुनीतरी जीव लावून गाठ मारली हाय."

मालेगावला वाळूनं तिला स्टँडवर सोडलं. धुळ्याची बस लागलेली होती, पण कंडक्टरचा पत्ता नव्हता. तो आला, तर ड्रायव्हर चहाला गेला. आभा दोघांच्या मागे फिरून विनवत राहिली. लोक बघत होते, एक म्हातारी म्हणालीसुद्धा, "बाई, दम धर." दम कशाचा धरायचा? अकरा वाजले तेव्हा बस नुकती गावाबाहेर पडत होती. तिनं केंद्रात फोन लावला, लागला नाही. ललितला लावला, त्यानं कापला. खिडकीच्या गजाला डोकं टेकून ती देवाला, वकिलाला, अण्णांना, स्वतःला, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत राहिली.

रिक्षातून उतरून ती केंद्राचा जिना चढली तेव्हा एक वाजत आला होता.

ललित दारातच उभा होता. "झालं, निघालोच होतो आम्ही," तो म्हणाला. आत बाकावर गौरांग बसला होता. घरी जायचं म्हणून एक बूट घालून झालेला, दुसरा हातात. आईकडे बघून तो हसला नाही. ती येणार नाही असं दोन तास ऐकून ऐकून त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

केंद्राच्या बाईंनी घड्याळ पाहिलं, आभाचा अवतार पाहिला आणि रजिस्टर पुढे केलं. "आधी सही करा, आलात म्हणून. एकच्या आत आलात, तसंच लिहिते. दहा मिनिटं बसा दोघं. ललितराव, तुम्ही खाली थांबा."

ललित पाय आपटत जिना उतरला.

आभा गौरांगसमोर फरशीवरच बसली. जवळ घ्यायला हात पुढे केले, तर तो जरा मागे सरकला. तो म्हणाला, "हॉर्न नाही वाजला."

"गाडी नाशिकलाच राहिली, राजा."

"का?"

हातात खाऊ नाही, खेळणं नाही. तिनं गाठोडं त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं दातानं गाठ सोडली. फरशीवर तांदूळ सांडले, सुपारी नि हळकुंड घरंगळलं, आणि किल्ली.

"ही गाडीची? मग गाडी तिथं कशी?"

मग आभानं त्याला सगळं सांगितलं. आजोबांनी कसं गुपचूप गाठोडं बांधलं, लताआजींनी ते कसं सटाण्याला पळवलं, आजोबा टेम्पोसमोर कसे उभे राहिले. सांगता सांगता तिला कळलं की पोरगं हसतंय. आधी गालातल्या गालात, मग खदखदून. हसता हसता तो कधी तिच्या मांडीवर आला, हे दोघांनाही समजलं नाही.

"म्हणजे ज्याची वस्तू पुढं गेली, त्याला जावंच लागतं?" त्यानं विचारलं.

"आजोबा तसं म्हणतात."

"लागतंच?"

"हो रे राजा," ती म्हणाली.

खालून ललितच्या गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग सलग. बाई म्हणाल्या, "वेळ झाली."

गौरांग मांडीवरून उतरला. त्यानं सांडलेले तांदूळ दोन्ही हातांनी फडक्यात गोळा केले, सुपारी नि हळकुंड ठेवलं, किल्ली आईच्या हातात दिली, आणि न घातलेला बूट त्यावर ठेवून फडक्याला गाठ मारली. गाठ नीट बसेना, म्हणून पुन्हा मारली.

"हे नाशिकला ने," तो म्हणाला. "मागं नको फिरवू."

बूट नेला तर उद्या ललितचा वकील त्यावरही कोर्टात लिहून देईल, हे आभाला ठाऊक होतं. तिनं केंद्राच्या बाईंकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

गौरांग कठड्याला धरून, बुटाचा पाय आधी टाकत, एकेक पायरी उतरला. खाली बापानं विचारलं, "दुसरा बूट कुठंय?" त्यानं काय उत्तर दिलं ते वर ऐकू आलं नाही. गाडीचं दार लागलं, गाडी वळली आणि गेली.

आभानं घरी फोन लावला. पहिल्याच घंटेला पंतांनी उचलला.

"अण्णा," ती म्हणाली. "भेटला. आता पंचांग काढा. गौरूला नाशिकला यायला चांगला दिवस कुठला, तो बघून ठेवा."