पिळलेला कापूस

टेबलावर सहा वस्तू होत्या: पितळी परात, एक शिंपला, न पेटवलेली मेणबत्ती, घडी घातलेला पांढरा कपडा आणि तेलाच्या दोन बुटक्या बाटल्या. एका बाटलीत नुसतं ऑलिव्हचं तेल होतं, दुसरीत सुगंधी राळ मिसळलेलं. फादर बाझीलनी झाकणं उघडून दोन्ही आम्हांला हुंगायला दिल्या.

"एक वस्तू कमी आहे," एर्मेलिंडा मावशी म्हणाली.

"कुठली, आंटी?"

"मीठ. आमच्या वेळी पोराच्या जिभेवर मिठाचा खडा ठेवायचे."

"ते कधीच बंद झालं."

"तरीच हल्लीची पोरं अळणी."

फादर हसले. माझा भाऊ आल्बान हसला. त्याची बायको सँशिया मात्र मांडीवरच्या एलेनचं टोपडं सारखं करत होती. एलेन चार महिन्यांची, रविवारी तिचा बाप्तिस्मा होता. मावशी तिची माद्रीन होणार होती, म्हणजे धर्ममाता, आणि माद्रीन व्हायचं तर चर्चच्या या तयारीच्या वर्गाला बसावंच लागतं, मग तुमचं वय साठीच्या पुढे का असेना. मी आपली गाडी चालवायला म्हणून आले होते. पण मला हा वर्ग आवडत होता. कुठली वस्तू कशासाठी, याचं एवढं नेटकं उत्तर आमच्या प्रयोगशाळेतही कुणी देत नाही. मी मडगावला पाणी तपासण्याचं काम करते.

मेणबत्ती कशासाठी ते झालं, पांढऱ्या कपड्याचं झालं. मग फादरनी तांब्यातलं पाणी परातीत ओतलं आणि शिंपल्याने ते उचलून पुन्हा सोडलं.

"पाणी डोक्यावरून वाहिलं पाहिजे," ते म्हणाले. "फार नको, पण वाहायला हवं. कुणी घाईत ओलं बोट नुसतं कपाळाला लावतं. त्याला बाप्तिस्मा म्हणता येत नाही."

"म्हणजे माझ्या बोटीवरच्या आंघोळीसारखं नको," आल्बान म्हणाला. तो जहाजावर खानसामा आहे, रजेवर आला होता.

मावशीने विचारलं, "आणि कापसाने केलं तर?"

"कापसाने?"

"ओल्या कापसाने. मूल फार लहान असलं, काचेच्या मशीनमध्ये असलं तर."

"कापसातून पाणी ओघळलं तर चालेल. नुसतं पुसलं तर नाही. तशी शंका असली तर आम्ही पुन्हा करतो, 'तुझा झाला नसेल तर' असं म्हणून." फादर नवीन होते. आमच्या वाड्यावर येऊन त्यांना दोन महिने झाले होते. समोर कोण बसलंय ते त्यांना माहीत नव्हतं.

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सगळी नोकरी तिने शहरातल्या एका हॉस्पिटलात, नवजात बाळांच्या वॉर्डात काढली. जगणार नाही असं बाळ असलं आणि आईबाप ख्रिस्ती असले, की ते मावशीला हाक मारत. पाद्री पोचेपर्यंत वेळ नसे. अशा वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. पाणी आणि ते एक वाक्य, एवढंच लागतं. मावशीने असे किती बाप्तिस्मे दिले ते तिने मोजलं नव्हतं. बाजारात कधीतरी अशा एखाद्या बाळाची आई तिचा हात धरून उभी राही. मावशी तिला मासळीचा भाव विचारी.

सँशियाचा पहिला मुलगा जेरोम सातव्या महिन्यात जन्मला तेव्हा मावशीच ड्यूटीवर होती. त्याच सकाळी तो गेला. "मी त्याला बाप्तिस्मा दिलाय," असं मावशीने सांगितलं, म्हणून चर्चची घंटा वाजली, म्हणून तो दफनभूमीत आमच्या आजोबांशेजारी आहे.

वर्गात सगळ्यांचं लक्ष एलेनकडे होतं. सँशियाने मान वर केली नाही.

वर्ग सुटल्यावर फाटकापाशी मावशीने फादरना गाठलं. आल्बान आणि सँशिया गाडीत बसले होते. मी किल्ली घेऊन जवळच उभी होते.

"फादर, जो गेला त्याला पुन्हा कसं करणार?"

फादरना एकदम समजलं असावं. त्यांनी घड्याळाकडे जाणारी नजर परत आणली. "आंटी, देव कापसात अडकून पडत नाही. बाप्तिस्म्याशिवाय गेलेलं मूल त्याला मिळत नाही, असं आता चर्चही म्हणत नाही. लेकराला तो सोडत नाही."

"मग पाण्याचं एवढं का शिकवलंत?"

"कारण आपल्याला जे करता येतं ते आपण नीट करायचं."

"तेच म्हणते मी," मावशी म्हणाली.

शनिवारी सकाळी आमच्या घरी चण्याच्या डाळीचा दोस, म्हणजे गोड वड्या, शिजत होता. आई अंगणातल्या चुलीवर, घामाने निथळत, लाकडी पळ्याने तो ढवळत होती आणि कुणी मदतीला जात नाही म्हणून आम्हां सगळ्यांचा उद्धार करत होती. मावशी स्वयंपाकघरात आली. तिच्या हातात कापसाची गुंडाळी होती.

"ईवेट, तुझा हात दे."

"मावशी, कशाला आता हे?"

"तू पाण्याचं शिकलीस ना? मग बघ."

मी बाही वर केली आणि मनगट बाळाच्या कपाळासारखं जरा उतरतं धरलं. मावशीने वाटीत कापूस बुडवला. मी तिला थांबवलं.

"माझ्याकडे बघू नकोस. बघून करशील तर हात मुद्दाम सैल सोडशील. खिडकीकडे बघ आणि ते वाक्य म्हणत कर, तिथे करायचीस तसं."

तिने खिडकीकडे पाहिलं. ओठ हलले. तिच्या बोटांनी कापूस बुडवला, वर काढला, आणि वाटीच्या कडेवर एकदा दाबला. इतक्या सवयीने, की तिला स्वतःला ते कळलं नसावं. मग माझ्या मनगटावर तीनदा टेकवला.

ओला ठसा उमटला, रुपयाच्या नाण्याएवढा. मनगट उतरतं होतं तरी काही खाली आलं नाही.

"पुन्हा," मी म्हटलं.

पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळीही.

"वाहिलं?" तिने खिडकीकडे बघतच विचारलं.

मी मनगट तसंच पुढे धरलं. ती वळली आणि माझं मनगट तिने अंगठ्याने पुसलं, जखम पुसावी तसं.

"हॉस्पिटलातल्या मदर सुपिरियरने आम्हांला चमच्याने ओतायला शिकवलं होतं," ती म्हणाली. "पहिली काही वर्षं मी ओतायची. मग एक डॉक्टर आले, चांगला माणूस. म्हणाले, यांची डोकी ओली करू नका, काही मिनिटांत गार पडतात, जगणारंसुद्धा जाईल. मग मी कापूस घेतला. मग पिळून घेतला. म्हटलं, पाणी लागलं म्हणजे झालं."

"ते बरोबरच होतं. डॉक्टरांचं."

"हो. फादरचंही बरोबर आहे."

बाहेरून आई ओरडली, "दोस खाली लागला तर मी उद्या पाहुण्यांना फादरचं प्रवचनच वाढेन, सांगून ठेवते." मावशी गेली आणि पळा हातात घेऊन ढवळायला लागली. तिला एवढ्या ताकदीने ढवळताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मावशीच्या पाठची बहीण, माझ्या आईच्या आधीची, जन्मली त्याच दिवशी गेली होती. पाद्री पोचला नाही, आणि घरात कुणालाच ते वाक्य येत नव्हतं. तिला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरलं, घंटा न वाजवता. आजी प्रार्थनेला जाताना रोज त्या भिंतीला हात लावायची. भिंतीवर तेवढीच जागा गुळगुळीत झाली होती. मावशीने नर्स व्हायचं ठरवलं त्याचं कारण आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ते कुणी कधी बोललं नाही.

दुपारी मावशी, सँशिया आणि मी दफनभूमीत गेलो. घरात बाप्तिस्मा असला की आधी आपल्या मेलेल्यांकडे जाऊन यायचं. सँशियाने एलेनला माझ्या आईपाशी ठेवलं होतं. जेरोमचा क्रूस पांढरा, वीतभर. त्याच्यावर नाव लिहिलं होतं आणि एकच तारीख. सँशिया खाली बसून गवत उपटत राहिली.

तिच्या लग्नाच्या गाऊनला लांब शेपटी होती. जेरोम पोटात असताना तिने त्यातून बाप्तिस्म्याचा झगा शिवून ठेवला होता. त्याच झग्यात त्याला पुरलं. तो इतका लहान होता, की बाह्या तीनदा दुमडून मावशीने टाचण्या लावल्या. उरलेल्या कापडात एलेनचा झगा झाला.

"आंटी," सँशिया गवत उपटतच म्हणाली, "मी काचेबाहेर खुर्चीत होते. तुमचा हात मला दिसत होता."

मावशी उभी होती. तिने छत्री मिटली.

"तुम्ही कापूस वाटीवर दाबलात. तेव्हा मला वाटलं, असंच करत असतील. परवा फादर बोलले तेव्हा आठवलं." ती थांबली. "आल्बानला मी काही सांगितलं नाही. त्याला फक्त घंटा आठवते. तुम्हीच सांगा. त्याच्यावरून पाणी वाहिलं होतं ना?"

मला वाटलं, मावशी हो म्हणेल. म्हणावंच, असं मला वाटत होतं. एका शब्दाने तिथलं सगळं जागच्या जागी राहिलं असतं, क्रूस, घंटा, आजोबांशेजारची जागा. त्या कापसातून पाणी ओघळत नाही याची साक्ष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. माझ्या मनगटाशिवाय.

"नाही," मावशी म्हणाली.

क्रूसापाशी लावलेली मेणबत्ती वाऱ्याने विझली होती. कुणी ती पेटवली नाही.

"मी कापूस पिळून घेतला होता, बाय. नेहमीच घ्यायची. डोकं ओलं झालं तर ती गार पडतात. माझ्या हाताला ती सवयच लागली होती. तो शेवटपर्यंत माझ्या हाताखाली होता. त्याचं अंग साडेछत्तीस डिग्रीच्या खाली मी जाऊ दिलं नाही. पाणी वाहायला हवं हे मला कळायला हवं होतं. ते मला कळलं नाही."

सँशिया बराच वेळ क्रूसाच्या बुडाशी बोटं फिरवत होती. मग तिने विचारलं, "म्हणजे त्याला थंडी वाजली नाही?"

"नाही."

"मुळीच नाही?"

"मुळीच नाही, बाय."

सँशियाने मान हलवली. मग तिचा चेहरा मोडला आणि ती रडायला लागली, आवाज न करता. मावशीला खाली बसता येत नाही, तिचे गुडघे गेलेत. तिने छत्रीची मूठ सँशियाच्या खांद्यावर ठेवली आणि तशीच उभी राहिली. मी भिंतीकडे बघत राहिले. गुळगुळीत जागा आतल्या बाजूने दिसत नाही.

उठताना सँशिया म्हणाली, "उद्या माद्रीन तुम्हीच. मी दुसऱ्या कुणाला सांगायला जाणार नाहीये."

"तुझी सासू मला दोसाचं भांडं घासायला लावेल, नाही आले तर," मावशी म्हणाली. तिने छत्री पुन्हा उघडली.

मावशीला घरी सोडताना ती काचेतून आत वाकली. "ईवेट, तुझ्याकडचा तो थर्मामीटर आण उद्या. पाण्याचा."

रविवारी चर्चमध्ये गारवा होता. जाड भिंतींमुळे आत नेहमीच असतो. मावशीने निळी साडी नेसली होती. एरवी ती झगाच घालते, साडी फक्त नोकरीच्या निरोपाला नेसली होती. एका हातात एलेन, दुसऱ्या हातात पिशवी, आणि पिशवीत चहाचा थर्मास.

"आंटी, हे काय?" फादर बाझीलनी हळू विचारलं. समोर सगळे पाहुणे बसले होते.

"पाणी. साधंच आहे, विहिरीचं. तुम्ही आशीर्वाद दिलात की झालं."

फादरनी थर्मासकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांनी परातीतलं पाणी स्वतःच उचलून बाजूच्या कुंडीत ओतलं आणि परात तिच्यापुढे धरली. मावशीने एलेनला आल्बानकडे दिलं आणि थर्मास उघडून पाणी ओतलं. थोडी वाफ निघाली. मग तिने सँशियाच्या बाटलीतलं गार पाणी थोडं थोडं घातलं, आणि दर वेळी कोपर बुडवून पाहिलं. मागे कुणीतरी खोकलं. आल्बानने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मी खांदे उडवले.

"बघ गो आता," मावशी मला म्हणाली.

मी थर्मामीटर परातीत धरला. पारा चढत गेला आणि थांबला. सँशिया पुढे आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून तिने स्वतः आकडा वाचला.

साडेछत्तीस.