तांदळाएवढा स्फटिक

इंदापुरात चाँदभाईंचं शेतीऔषधांचं दुकान होतं, आणि स्वभाव असा की शेजाऱ्याची गाय शिंकली तरी सर्दी यांना व्हायची. त्यांची लेक साजिया बारामतीच्या कॉलेजात तांब्याच्या संयुगांवर पीएचडी करत होती. स्फटिक वाढत असताना काचपात्र जराही हलता कामा नये, आणि प्रयोगशाळेत पोरांची कायम धावपळ. म्हणून तिनं ते घरी माळ्यावर ठेवलं होतं. चार महिन्यांत त्या निळ्या पाण्याच्या तळाशी तांदळाएवढा एकच धड स्फटिक धरला होता.

तो चुंबकात अंशाअंशानं फिरवायचा आणि तांब्याच्या इलेक्ट्रॉनच्या रेघा टिपायच्या. शेजारशेजारच्या अणूंची आपसात देवघेव चालत असली, की दोघांच्या दोन रेघा मिसळून एकच उमटते. ती देवघेव किती जोराची, हे साजियाला मोजायचं होतं. भुकटी त्याला चालत नाही, अखंड स्फटिकच लागतो. हे मोजणाऱ्या मुंबईच्या यंत्रावर उद्याची वेळ आठ महिने थांबून मिळाली होती, आणि प्रबंधाची शेवटची मुदतवाढ महिनाअखेर संपत होती.

संध्याकाळी ती घरी येऊन माळ्यावर चढली. काचपात्र लख्ख धुऊन पालथं घातलेलं होतं.

"अब्बा, हितलं निळं पाणी कुठाय?"

"मोरचुदाचं व्हय? शेजारच्या दादासाहेबांच्या म्हशीचं खूर सडलं हुतं, अन् दुकानातला मोरचूद संपलेला. मग तुझंच बादलीत वतलं. तळाला एक खडा हुता, त्योबी चेचून घातला." चाँदभाई सांगता सांगता खुलले होते. "दादासाहेब म्हनलं, पोरीच्या शिक्षणाचा गावाला उपेग झाला."

 तो मोरचूद नव्हता, हे साजियाच्या अगदी ओठांवर आलं. बापाचा भयंकर राग आला, आणि त्यांचा फुललेला चेहरा बघून त्याहून जास्त रडू आलं. तिनं दोन्ही गिळलं.

"मग उद्याची गाडी कितीची?" त्यांनी विचारलं.

"जायचं न्हाय आता. काम संपलं माझं."

"समदं?"

"व्हय. पुढच्या महिन्यापासनं दुकानात बसते."

हे तिच्याकडं मागायला चाँदभाई दोन वर्षं कचरत होते. त्यांचे डोळे भरून आले. "अल्लानं ऐकलं," म्हणत त्यांनी चपला घातल्या आणि पेढे आणायला निघाले.