सोळा नंबरची तार

उद्यमनगरात तीस वर्षं जळालेल्या मोटारींत नवी तार भरणाऱ्या शशिधरअण्णांना तारेतलं कुणी शिकवायचं, म्हणजे हद्दच झाली. पोटात पत्र्याची वाटी बसवलेली नवी गिटार घेऊन ते तारा घ्यायला गेले. गिटार शिकवणाऱ्या मास्तरांनी जाड तारा सांगितल्या होत्या.

दुकानातली प्रेरणा म्हणाली, "मग सोळा नंबर घ्या, काका."

"आगं, नंबर वाढला की तार बारीक हुतीया! धा दे."

"गिटारीत उलटं असतंय."

"मला तार शिकवतीस व्हय?"

धाच्याच तारा घेऊन अण्णा तणतणत घरी आले. तारा चढवून त्यांनी सूर काढायला वरून लोखंडी नळी फिरवली, तर बारीक तारा नळीखाली दबून नुसत्या खडखडल्या.

आतनं बायको रत्नव्वा ओरडली, "आवो, ही मोटार कुणाकडनं भरून आणली?"