मानसिंगची ताटली

"नवऱ्याचं काळीज कापू दिलंस त्या डाक्टराला! आन् वर तोंड करून माझ्या सोप्यात उभी ऱ्हातीस व्हय?" लालासाहेब कडाडले.

काळीज नव्हे, फुफ्फुसाचा सुपारीएवढा तुकडा. पण थोरल्या दिरापुढं शब्द काढायची शालूबाईला कधी मुभाच नव्हती.

गुऱ्हाळ लालासाहेबांचं. धाकटा भाऊ मानसिंग, शालूबाईचा नवरा, तिथं काहिलीखालच्या चुलवाणात उसाचं चिपाड कोंबायचा. पावसात भिजून बुरसलेली चिपाडाची जुनी गंजी आधी संपवायची, हा लालासाहेबांचा शिरस्ता. गंजी उपसताना पांढरी धूळ उडायची. मानसिंगला खोकला लागला, मग धाप लागली, आणि भावाला क्षय झाल्याचं लालासाहेबांनी गावभर केलं. अंथरूण गोठ्यात गेलं, जर्मनची ताटली वेगळी झाली, बायको-पोरगीही त्याच्यामागं गोठ्यात. सांगलीच्या दवाखान्यात त्यानं जीव सोडला, तेव्हा लालासाहेब प्रेताला शिवलेसुद्धा नाहीत. तेरावं झालं की क्षयाचं बिऱ्हाड माहेरी चालतं व्हायचं, एवढं मात्र त्यांनी बजावलं.

म्हणून शालूबाईनं तिथल्या डॉक्टर जिनदत्तांना संमतीच्या कागदावर अंगठा दिला होता. "कापा. पर कशानं गेलं त्ये सांगा."

डॉक्टरांनी तो तुकडा औषधात मुरवला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापला, रंगवून भिंगाखाली पाहिला. तेराव्याच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "क्षयाची एकही खूण नाही, बाई. श्वासाच्या पिशव्यांच्या भिंती जाड होऊन आवळल्या होत्या. बुरशीची धूळ असावी. हा लागणारा रोग नव्हे."

तेच तिनं आज तेराव्याला जमलेल्या भावकीपुढं सांगितलं होतं.

"म्हंजे माझ्या चिपाडानं मेला म्हण की!"

"मी न्हाई म्हणत, भावजी. त्यो तुकडा म्हणतोय."

भावकीतले म्हातारे नाथाजी खाकरले. "लाला, लागणारा न्हाई म्हंत्यात. मग बाईला घालवायची कशापायी?"

"कापल्या मढ्याची साक्ष मला नगं! उद्या निघायचं हितनं."

शालूबाईच्या अंगाचा नुसता जाळ झाला. ती गोठ्यात गेली, वळचणीची ताटली काढून राखेनं घासली. सोप्यात पंगत बसली होती. तिनं ती ताटली लालासाहेबांपुढं मांडली आणि गव्हाची खीर वाढली.

"आवं, ही त्यांचीच ताटली. रोग असंल तर शिवू नगासा. नसंल तर जेवा, आन् आमी हितंच ऱ्हातो."

कर्त्यानं घास घेतल्याशिवाय पंगत जेवत नसते. सगळे हात आखडून बसले. पोरं खिरीकडं बघून चुळबुळायला लागली. नाथाजी म्हणाले, "घे की रं लाला. निवतंय."

लालासाहेबांनी तिच्याकडं खाऊ की गिळू असं पाहिलं आणि खिरीत बोटं घातली.

दुपारी न्हाणीत खरकट्या ताटांचा ढीग पडला. मानसिंगची ताटली त्यातच कुठंतरी मध्ये होती. ती बाजूला काढ, असं कुणी म्हणालं नाही. घासता घासता ती हाताला लागली, आणि शालूबाई तेव्हा कुठं रडली.