बातम्या संपेपर्यंत

खट्.

मधल्या खोलीतून आवाज आला आणि दमयंतीचा चाळणीवरचा हात जागच्या जागी थांबला. घर इतकं शांत होतं, की परसातल्या दोरीवरच्या कपड्यांतून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं.

पुन्हा खट्.

"रेणू!" तिचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "काय करून राह्यली तिथं?"

"मावशीचा रेडिओ, आई. बटन फिरवून पाह्यते. वाजतच नाही."

"ठेव तो खाली. हात नको लावू."

"पण मावशीनंच देल्ला मले!"

"ठेव म्हनलं ना!"

सहा वर्षांची रेणू खालचा ओठ काढून दारात येऊन उभी राहिली. फ्रॉक आखूड झाला होता. उजव्या गुडघ्याखाली रुपयाएवढा पांढरा डाग होता. दिवाळीत तो चिंचोक्याएवढा होता. दमयंती रोज सकाळी अंघोळीच्या वेळी त्याच्यावर बोट ठेवून बघायची. आज तो बोटाबाहेर किती उरतो, एवढंच बघायचं. मग मुलीला घट्ट पुसून काढायची.

"काऊन ओरडते वं लेकरावर?" परसातून पाय धुऊन कुमुदिनी आत आली. संक्रांतीच्या सुट्ट्या लागल्या म्हणून दहाच्या बसनं ती तलमडुगूहून मावल्याला आली होती. येताना भाचीला तिळाचे लाडू, बहिणीला गिरणीतलं ताजं ज्वारीचं पीठ आणि कातडी पिशवीत घातलेला तो जुना रेडिओ. "सेल नाहीत त्याच्यात. नुसतं खट् खट् करते. करू दे."

"हा कायले आनला, अक्का?"

"माळ्यावर होता. म्हनलं, पोरगी खेळंल." कुमुदिनीनं पदरानं हात पुसले. कोपरापर्यंतच्या बाह्या, आणि त्यांच्या खाली दोन्ही हात चुन्यात बुडवून काढल्यासारखे. "बरं, बाटली कुठी हाय?"

दमयंती पुन्हा पीठ चाळू लागली.

"मास्तरचं पत्र आलं मले. बारा दिवस झाले म्हने बाटली आनून, अन् बूचसुद्धा नाही काढलं. त्यायनं लिवलं, तुमीच या अक्का, तुमची बहीण माझं ऐकत नाही."

नवऱ्यानं, हेमचंद्रनं, पत्र लिहिल्याचं दमयंतीला माहीत नव्हतं. तो मराठी शाळेत मास्तर. घरात आवाज चढवणं त्याला जमायचं नाही. बारा दिवस तो रोज संध्याकाळी कपाटाकडे एकदा बघायचा, मग तिच्याकडे, आणि वह्या तपासायला बसायचा.

आदिलाबादच्या चामडीच्या डॉक्टरनं सगळं समजावून सांगितलं होतं. तेलुगू माणूस, पण त्यांच्याशी हिंदीत बोलला. डाग लहान आहे, नवा आहे, रंग परत यायची आशा चांगली आहे. सगळ्यांना येतो असं नाही. सहा महिने तरी लागतील. हे पातळ औषध डागापुरतंच लावायचं, अर्ध्या तासानं दोन मिनिटं ऊन द्यायचं, मग साबणानं धुऊन झाकून टाकायचं. आठवड्यातून दोनदा. नागपूरला मोठ्या दवाखान्यात उजेडाच्या नळ्यांची पेटी आहे, तिच्यात हाच उजेड मोजून मिळतो. पण आठवड्यातून दोनदा नागपूर कोण करणार, आणि एवढ्या पोरीला त्या पेटीत उभं कोण करणार?

"धूप भी दवा है अम्मा, नाप के देना," डॉक्टर म्हणाला होता. "ज्यादा हुआ तो जलेगा. और जला तो उसी दिन नहीं दिखेगा, दूसरे-तीसरे दिन दिखेगा."

दमयंतीच्या तोंडचं पाणी पळालेलं बघून तो हसला होता. "भयम लेदु अम्मा, डरो मत. दो मिनिट."

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं, हे तिला डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती.

"काढ बाटली," कुमुदिनी म्हणाली. "मी लावते. तू नको पाहू वाटलं तर."

"अक्का, तुले कसं वं होते हे? तुले भ्या नाही वाटत?"

"कायचं?"

दमयंतीनं उठून कपाट उघडलं, साड्यांच्या घडीमागून बाटली काढली आणि बहिणीच्या हातात दिली.

कुमुदिनीनं काडीला कापूस गुंडाळला. रेणू पाय पुढे करून पाटावर बसली आणि मावशीच्या हातांकडे टक लावून बघू लागली.

"मावशी, तुह्या हाताले आजबी पीठ लागलं."

"गिरणीवाली हावो ना मी." कुमुदिनीनं डागाच्या कडेकडेनं काडी फिरवली, बाहेर एक थेंब जाऊ दिला नाही. "नवा मानूस आला का दळन घेऊन, तोही हेच म्हनते. बाई, हात झटका, पीठ लागलं. मी झटकते. तो पुन्हा पाह्यते. मी पुन्हा झटकते. तिसऱ्यांदा त्याले समजते, अन् मंग तो आपल्याच पायाकडं पाहून राह्यते. तवर त्याचं दळन होते."

रेणू खुदकन हसली. दमयंतीला हसू आलं नाही. भावानं तलमडुगूला गिरणी सुरू केली तेव्हा ती चालवायला पुढे झाली ती अक्काच. लोकांना वाटलं, बसून खाणं नको म्हणून. दमयंतीला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं, की साऱ्या गावात हे हात खपून जातील अशी ती एकच जागा आहे.

औषध मुरायला अर्धा तास होता. कुमुदिनी रेणूला बाराखडी म्हणून दाखवायला सांगत होती. दमयंती भाकरी थापायला बसली, पण पीठ भिजवायचं राहिलं. दीडचा सुमार होत आला, की तेरा वर्षं तिचं हे असंच व्हायचं. हातातलं काम थांबायचं. कान कुठे तरी लागायचा.

तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि कुमुदिनी एकोणीसची. कुमुदिनीच्या पाठीवर आणि पोटऱ्यांवर मिळून चार डाग. हात तेव्हा स्वच्छ होते. बोथ गावचं स्थळ होतं, मुलाकडचे पोळ्यानंतर येतो म्हणाले होते ते दिवाळीनंतरवर गेलं होतं. दोघी बहिणींचे वडील नरसिंगराव महसूल खात्यात गिरदावर, त्यांनी कचेरीतल्या कुणाच्या ओळखीनं नागपूरहून गोळ्या आणवल्या. जेवणावर गोळी घ्यायची, दोन तासांनी डागांना ऊन द्यायचं, दहा मिनिटं. डोळ्यांना ऊन लागू द्यायचं नाही. काळा चष्मा गावात कुठला? आई काळ्या कापडाची चौघडी करून तिच्या डोळ्यांवर बांधायची. परसात दोन लुगड्यांचा आडोसा, त्यात बाज, बाजेवर पालथी पडलेली कुमुदिनी.

घड्याळ घरात एकच, ते वडिलांच्या मनगटावर कचेरीत. मग आईनंच युक्ती काढली. रेडिओवर दीड वाजता मराठी बातम्या लागतात, त्या बरोबर दहा मिनिटांच्या. बातम्या सुरू झाल्या की ऊन घ्यायचं, संपल्या की उठायचं. रेडिओ ओसरीतल्या कोनाड्यात, आणि त्याच्यापाशी बसायचं काम दमयंतीचं. बातम्या वाचणाऱ्या बाईंचा आवाज "बातम्या संपल्या" म्हणाला, की तिनं ओरडायचं, "अक्का, ऊठ!" दोन महिने रोज असंच चाललं होतं. पाठीवरच्या डागात तिळाएवढे काळे ठिपके उगवू लागले होते. आई रोज रात्री चिमणी धरून ते मोजायची.

मग दिल्लीत पंतप्रधानांची हत्या झाली, आणि देशभर दुखवटा. शाळांना सुट्टी लागली. दुसऱ्या दिवशी वडील बंदोबस्ताच्या कामानं कचेरीत, आई कापूस वेचायला लावलेल्या बायांवर लक्ष द्यायला शेतात. दमयंतीनं रोजच्यासारखा रेडिओ लावला. पण त्यात बाईंचा आवाज नव्हताच. एकच सारंगी रडत होती. मेलेल्या माणसाच्या घरातून बाया रडतात तशी, न थांबता. रिकामी ओसरी, मागच्या अंगणात डोळे बांधून निश्चल पडलेली अक्का, आणि ही सारंगी.  दमयंतीला वाटलं, हे आपल्याच घरात चाललं आहे. तिनं बटन फिरवलं.

खट्.

आणि ती पळाली. समोरच्या घराच्या अंगणात पोरी चिंचोके खेळत होत्या. त्यांच्यात जाऊन बसली, आणि विसरली. कशी विसरली, ते तिला आजही सांगता यायचं नाही.

आठवलं तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या आणि आई शेतावरून घराच्या वळणाला लागली होती. दमयंती आईच्या आधी धावत ओसरीत शिरली. आई परसाकडे गेली तसं तिनं पुन्हा बटन फिरवलं. खट्. सारंगी अजून रडतच होती.

"बातम्या लागल्याच नाहीत, आई," ती म्हणाली. "मी वाट पाह्यत होती."

त्या संध्याकाळी काहीच नव्हतं. अक्काची पाठ नुसती गुलाबी. तिनं पिठलं केलं, चेष्टा केली. दमयंतीनं देवापुढं साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पाठ लाल झाली. त्या रात्री अक्का पालथी पडून दातांत उशी धरून राहिली, आणि सकाळी पाठीवर, पायांवर लिंबाएवढाले फोड. दीड महिना केळीच्या पानावर. फोड फुटले, बरे झाले, आणि जिथं जिथं ते होते तिथली कातडी पांढरी उगवली. मग डाग पसरतच गेले, उन्हानं न शिवलेल्या हातांवरसुद्धा. बोथहून नुसता निरोप आला.

घरात पुढं कितीदा तरी हे सांगितलं गेलं. त्या दिवशी रेडिओवर बातम्याच लागल्या नाहीत, त्याला कोण काय करणार? सांगताना आई रडायची, आणि दमयंती उठून पाणी आणायला जायची. एवढी वर्षं लोटली, पण डोळे बांधलेली ती मुलगी बाजेवरून उठलेली नव्हती. दमयंती लग्न होऊन मावल्याला आली तर बाज तिच्या मागं आली. दीड वाजला की परसात कुणीतरी पालथं पडलेलं असायचं.

"दमे, घड्याळ दे. अर्धा तास झाला."

हेमचंद्र बाजाराला जाताना घड्याळ मुद्दाम घरी ठेवून गेला होता. कुमुदिनीनं ते तळहातावर घेतलं. परसात तिघी आल्या. पौषातलं ऊन, कोवळं वाटणारं, पण डोक्यावरचं. कुमुदिनीनं पाट मांडला, रेणूला बसवलं, तिच्या डोळ्यांवर आपला हात धरला.

"काळं कापड नको?" दमयंतीनं विचारलं.

"नको. हात बरा. हाताले समजते, लेकरू झोपलं का जागं हाय." तिनं दुसऱ्या हातानं फ्रॉक गुडघ्याच्या वर सारला. "बस तूही. उभी काऊन?"

डागावर ऊन पडलं. दमयंती मातीतच बसली. काटा सरकत होता.

"मावशी, तूबी बसत होती उन्हात?"

"हो वं. एकदा तर लई वेळ बसली."

"अक्का," दमयंती म्हणाली.

"इचारून राह्यली पोरगी, तर सांगू नको?" कुमुदिनीची नजर घड्याळावरून हलली नाही. आवाजात ना राग ना रडणं, दळणाचा भाव सांगावा तसा. "माहे डोळे बांधले होते. दिसे नाही काही. रेडिओ सांगन तवा उठायचं, असं होतं आमचं. त्या दिवशी नुसती सारंगी वाजून राह्यली. मंग खट् झालं, अन् समदं चूप. म्हनलं, आता लागतीन बातम्या. मंग म्हनलं, जास्त बसली तर रंग जास्त येईन. बोथचे लोक येनार होते ना. अन् मंग झोपच लागली असंन. लई वेळानं पुन्हा खट् झालं, अन् सारंगी सुरू. तवा आई आली."

दमयंतीच्या बोटांत माती होती. ती तिनं मुठीत घट्ट धरली. दोनदा. अक्कानं दोन्हीदा ऐकलं होतं. तेरा वर्षं आई रडत होती, आणि शेजारी बसून अक्का ऐकत होती, आणि एकदाही काही म्हणाली नव्हती.

तिनं बहिणीच्या तोंडाकडे बघितलं. कुमुदिनीच्या ओठाच्या कडेलाही आता एक बारीक पांढरी रेघ निघाली होती. या वर्षीची. ती घड्याळाकडेच बघत होती, काटा निसटून जाईल अशी.

"झाले," कुमुदिनी म्हणाली. "दोन मिनिटं."

तिनं फ्रॉक खाली ओढला, वरून आपला पदर टाकला, आणि मग रेणूच्या डोळ्यांवरचा हात काढला. उन्हानं रेणूचे डोळे मिचमिचे झाले. ती मावशीकडे बघत राहिली. मग काहीतरी जुळवल्यासारखी तिनं मान वळवली.

"आई," ती म्हणाली, "रेडिओ कोनं बंद केल्ता?"